तुडुमातली बोटं

इश्वर तळ्यात उतरताना आधी उजवा पाय टाकतो. पूर्वी डावा टाकत असे. निवृत्तीनंतर माझी सकाळची फेरी तळ्याच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या भरावावरून, असते आणि इश्वर चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता, म्हणून एवढं बारीक माझ्या लक्षात राहिलं. त्याचं कारण मात्र मला फार उशिरा कळलं.

आमचं गाव पवनीच्या अलीकडे. वर जुनं तळं, खाली धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं. तळ्याचं पाणी सोडायची जी दगडी सोय आहे तिला आम्ही तुडूम म्हणतो. पाण्यात उतरत गेलेल्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडी बूच. शेताला पाणी द्यायची पाळी आली की पाणी सोडणारा पाणकर छातीभर पाण्यात उतरतो, पायानं भोक चाचपतो आणि वाकून बूच उपटतो. इश्वरचे वडील गावाचे पाणकर होते, त्यांच्यामागे तो झाला. शाळेत पाढे म्हणताना तो डोळे मिटायचा. बुचाला हात घालतानाही मिटतो. त्याच्या हाताखाली पाण्याच्या पाळीवरून भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

आमच्या गावात एक रीत आहे. पोळ्याला बैलांच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, तसं तुडुमालाही हात लावत नाहीत. सकाळी पाणकर तुडुमाच्या पाण्याबाहेर आलेल्या दगडी खांबाला हळदकुंकू लावतो. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत बूच काढायचं नाही, घालायचं नाही. बैलांसोबत पाण्यालाही सुट्टी.

सहा वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुपारीच पावसानं जोर धरला. तळं भरत चाललं. इश्वर दोनदा पाळीवर जाऊन आला आणि चार जाणत्या माणसांना त्यानं विचारलंही, "खोलू का जी?"

"पोळ्याच्या दिवशी? पागल झाला का बे?" सगळ्यांचं एकच उत्तर.

संध्याकाळच्या आत सांडवा फुगला, पाणी बांध्यांवर पसरलं. आपल्या बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, फोडून पाणी काढून द्यायला गेलेला हेमराज त्या पाण्याबरोबर गेला. निर्मलाबाईंचा एकुलता एक मुलगा, सव्वीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी नाल्याच्या वळणावर सापडला.

ज्या तोंडांनी इश्वरला अडवलं होतं, तीच तेराव्याच्या आत म्हणू लागली, "इश्वरनं तुडूम खोललं असतं तं पोरगं वाचलं असतं." निर्मलाबाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. पाण्याची पाळी आली तेव्हा निरोप धाडला, "त्याच्या हातचं पाणी माह्या बांधीत नको." सहा वर्षं त्यांचं धान नुसत्या पावसावर राहिलं. दोनदा करपलं.

त्या पोळ्यानंतर इश्वर पहिल्यांदा बूच काढायला उतरला, तेव्हा भोकाशी त्याच्या डाव्या पायाला बोटं लागली. हे त्यानं मला दोन वर्षांनी सांगितलं.

"गवत असेल," मी म्हणालो.

"गवत मले ओळखू येते गुरुजी. गवत पकडत नाही."

घरात बसल्या जागी त्याला तुडुमाची गुडगुड ऐकू यायची. जेवता जेवता घास हातात राहायचा. पुष्पाबाई, त्याची बायको, तेव्हा मुद्दाम भांडी आपटायच्या. आभाळ जरा दाटलं की तो पाळीवर. भरल्या तळ्यात उतरायचा, बूच जागेवर आहे का पाहायचा, वर यायचा, पुन्हा उतरायचा. एकदा पुष्पाबाईंनी त्याला शर्टाला धरून बाहेर ओढलं.

"एक दिवस हा माणूस त्याच भोकापाशी राहीन जी गुरुजी," त्या मला म्हणाल्या. "माहं ऐकत नाही. तुमीच सांगा."

आणि वर मारबत, रोगराई हाकलायची रीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात खोचलेली पळसाची फांदी उपटून गावाबाहेर फेकायची आणि ओरडत जायचं, खोकला घेऊन जा गे मारबत, मच्छर घेऊन जा गे मारबत. हेमराज गेल्याच्या पुढच्या वर्षी ट्रॅक्टरवाल्या अंकुशनं आवाज टाकला, "इश्वरचं तुडूम घेऊन जा गे मारबत!" लोक हसले. त्याच्या पुढच्या वर्षी तोच आवाज दहा जणांनी टाकला. इश्वर आपल्या दारात हातात फांदी घेऊन उभा होता. त्यानं ती फेकलीच नाही. वाळेपर्यंत घरात होती.

मी पडलो मास्तर. मला वाटलं, डोळ्यांनी पाहिलं की सुटेल. त्यांच्या अंगणात घमेलं ठेवलं, तळाशी खिळ्यानं भोक पाडलं आणि वरून नळाची नळी सोडली. भोक उघडं असूनही घमेलं भरलं आणि काठावरून सांडू लागलं.

"बघ इश्वर. तुडुमाचं भोक एवढंसं आणि वरून येणारं पाणी एवढं. तू खोललं असतंस तरी तेच झालं असतं."

तो उकिडवा बसून सांडणारं पाणी पाहत होता.

"बराबर हाये जी. मले समजलं." मग आपल्या डाव्या पायाकडे बघून म्हणाला, "पन याले कोन सांगन?"

घमेलं पुष्पाबाईंचं होतं. आठवडाभर त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

यंदाच्या पोळ्याला पुन्हा तसाच पाऊस आला. बैल तोरणाखाली यायच्या आत चिखल झाला. दुपारी पुष्पाबाई उघड्या डोक्यानं भिजत माझ्या दारात उभ्या. "चला जी. तो खोलाले गेला."

आम्ही पोचलो तेव्हा इश्वर कमरेइतक्या गढूळ पाण्यात खांबाला धरून उभा होता. खांबावरचं कुंकू ओघळून त्याच्या हाताला लागलं होतं. पाळीवरून अंकुश ओरडत होता, "पोळा मोडून राहिला बे तू! काही झालं तं तुह्याच नावावर!"

"नाही खोललं तं बी माह्याच नावावर!" इश्वर तिथून ओरडला.

मी वर्गातल्यासारखी हाक मारली. त्यानं पाहिलंही नाही. एक पायरी आणखी उतरला. पुष्पाबाईंनी माझी बाही घट्ट धरली होती.

तेवढ्यात खताच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेली एक बाई आमच्या बाजूनं पुढे गेली आणि पाण्याच्या काठाशी उभी राहिली. निर्मलाबाई.

"निंग बाहेर, इश्वरभाऊ."

सहा वर्षांत त्यांनी त्याला मारलेली ही पहिली हाक. तो वळला. "वहिनी, यावेळी खोलू द्या मले. यावेळी तरी."

"खोल नाही तं नको खोलू. त्यानं काही होत नाही." खोळीवरचं पाणी तोंडावर येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "त्या दिवशी हेमराज घरी होता. जेवून राहिला होता. मीनं म्हटलं, ऊठ, धुरा फोडून ये, धान सडन. तो म्हने, पाणी उतरू दे ना माय. मीनं त्याच्यापुढचं ताट उचललं."

पाळीवरचा अंकुश दोन पावलं मागे सरकला होता.

"सहा वर्षं तुह्यावर टाकलं. तुह्यावर होतं म्हनून मले त्या घरात राहता आलं. आता निंग. माह्या माथ्यावर एक जीव हाये. दुसरा नको."

इश्वरनं खांबावरचा हात घट्ट केला. मग त्यानं विचारलं, "काय होतं ताटात?"

"पुरणाची पोळी. अर्धी."

मग खांब सोडून एकेक पायरी चढत तो काठाला आला. पुष्पाबाईंनी त्याला शर्टाला धरलं ते घरी जाईपर्यंत सोडलं नाही. बूच तसंच राहिलं.

त्या दिवशी पाण्यात कोणी वाहून गेलं नाही. पाऊस चार वाजता थांबला, एवढंच. आमच्यापैकी कोणी तो थांबवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मारबत निघाली. खोकला गेला, मच्छर गेले. निर्मलाबाईंच्या दारासमोर अंकुशनं तोंड उघडलं आणि तो अडखळला. समोरच्याच आपल्या दारातून इश्वरनं फांदी उपटली. "टाक ना बे आवाज. दरसाल टाकतं. तुह्या तोंडावर माहा काय ताबा?"

"डेंग्यू घेऊन जा गे मारबत," अंकुश कसाबसा म्हणाला. इश्वर फांदी घेऊन सगळ्यांबरोबर शिवेपर्यंत गेला आणि फेकून आला.

हे वाचून कोणाला वाटेल, आता त्याची सुटका झाली. मलाही वाटलं होतं.

ऑक्टोबरात पावसानं पाठ फिरवली आणि धान नेमकं निसवायला आलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या. एका सकाळी मी पाळीवर पोचलो तर खाली शेवटच्या, त्यांच्या स्वतःच्या बांधीशी निर्मलाबाई फावडं घेऊन उभ्या होत्या. वर इश्वर पाण्यात उतरत होता. उजवा पाय टाकला. भोकापाशी गेला आणि थांबला. डोळे मिटले. मग त्यानं उजवा पाय मागे घेतला आणि डावा पुढे टाकला.

मला वाटलं, फार वेळ गेला. पाण्यावर एक पान तरंगत त्याच्यापर्यंत आलं आणि त्याच्या छातीला अडून राहिलं. मग तो वाकला. बूच सुटल्याची गुडगुड मलाही ऐकू आली.

वर येऊन तो धोतर पिळू लागला. मी हळूच विचारलं, "लागली का बोटं?"

"लागली."

"मग?"

"लागू देलं," तो म्हणाला, आणि पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचतं का, ते पाहत उभा राहिला.