मोठ्या काकांनी फिनलंड पाहिलं

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी घर पाहतात, मुलगा नंतर. मुलगा काय, भांग पाडून, खाली मान घालून तासभर कुणीही बसतो, असं आमच्या मोठ्या काकांचं मत. म्हणून घर पाहायचं ते न कळवता, आणि उंबरा ओलांडण्याआधी शेजारीपाजारी विचारायचं. मी लहान असतानाच बाबा गेले, त्यामुळे माझ्या लग्नात शेवटचा शब्द काकांचा होता. आणि तो शब्द फिनलंडमध्ये अडकला होता.

मुलगा मीच पसंत केलेला, तलासरीकडच्या झरीचा. त्याचं झरीचं घर काका एका दुपारी अचानक जाऊन पाहून आले. नाक्यावरच्या दुकानदाराने गुजरातीत आणि शेजारणीने मराठीत एकच सांगितलं, माणसं चांगली आहेत. मला वाटलं, सुटले. पण कैनाडला, आमच्या गावी, परत येऊन काका म्हणाले, "ते झालं त्याच्या आईबापाचं घर. ही कुठं राहनार? तिकडं. मग तिकडचं बघायला नको?"

नोकरीसाठी तो फिनलंडमधल्या ताम्पेरे नावाच्या शहरात राहत होता. बिचाऱ्याने व्हिडिओ कॉलवर सगळं घर दाखवलं. न विचारता फ्रीज उघडून दाखवला, गादी उचलून दाखवली. काकांनी शांतपणे पाहिलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. "पेटीत वरच्या थरातले चिकू कोनाचे वाईट असतात?"

जन्मभर चिकूची वाडी केलेल्या माणसाशी यावर वाद घालून उपयोग नसतो. मी तरी घातला, आणि मग आमचं बोलणं बंद झालं.

त्याच रागात मोबाईल चाळताना मला तो खेळ सापडला. खऱ्या रस्त्यांचे फोटो जोडून तो आपल्याला फिनलंडमधल्या कुठल्यातरी वस्तीत नेऊन सोडतो. आजूबाजूला फिरायचं, निरखायचं आणि नकाशावर बोट ठेवून सांगायचं, ही वस्ती कुठली. मी तो टीव्हीला जोडला आणि काकांना म्हणाले, "घ्या, पोचलात न कळवता. बघा काय बघायचं ते." मी टोमणा मारला होता. काकांना तो लागलाच नाही. ते उठले, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि चपला चढवून टीव्हीसमोर बसले.

"घरात चपला?" आई ओरडली.

"परक्या गल्लीत अनवानी फिरू काय?"

थेट ताम्पेरेचे रस्ते दाखवते म्हटलं, तर तेही नको. "तू दाखवशील ते चांगलंच दाखवशील. एक शीत चेपलं की भात कळतो. नेईल तिकडं जाऊ."

मग रोज चिकू निवडून झाले की आम्ही फिनलंडला जायला लागलो. मी मोबाईलवर बोट सरकवायचे आणि काका रिक्षात बसल्यासारखे सांगायचे, "डावीकडं घे. हळू. आता सरळ." रस्त्याच्या टोकाला एकाच दांड्यावर सगळ्या घरांच्या टपालपेट्या ओळीने लावलेल्या दिसल्या, तेव्हा ते खूश झाले. इतकी घरं एका दांड्याला पेट्या लावतात म्हणजे भावकीत भांडण नाही. इमारतींच्या मागे आडव्या लोखंडी दांड्या दिसल्या, तेव्हा तर त्यांचा चेहरा उजळला.

"बोंबील वाळवायला केल्यात."

"मग बोंबील कुठंत?" आईने विचारलं.

"हंगाम नसेल."

त्या दांड्या सतरंज्या टाकून झोडपायला असतात, हे मला मुलाने फोनवर सांगितलं. मी ते गिळून टाकलं. टपालपेट्या आणि बोंबील, त्या देशाच्या एवढ्याच गोष्टी माझ्या बाजूने होत्या.

कारण तिथे माणसं दिसत नव्हती. घरं रंगवलेली, अंगणं झाडलेली, सायकली जागच्या जागी, पण चिटपाखरू नाही.

"गावात कोनी गेलं काय?" काका म्हणायचे.

"सगळी लग्नाला गेली असतील," आई सावरून घ्यायची.

"रोज?"

मी आता बसथांबा पाहून हेलसिंकीची उपनगरं ओळखायला लागले होते. गुण वाढत होते आणि लग्न तसूभर सरकत नव्हतं. एका संध्याकाळी काकांनी सांगून टाकलं, "जिथं विचारायला शेजारी नाय, तिथं पोर द्यायची नाय." मी पाय आपटत उठले, आणि माझी जागा घेऊन आईने बोट सरकवायला सुरुवात केली. तिला काही खेळता येत नव्हतं. ती नुसतीच पुढे पुढे जात राहिली, एका वळणावरून दुसऱ्या वळणावर.

"थांब," काका म्हणाले.

एका पिवळ्या घरासमोर एक बाई दंताळ्याने पानं गोळा करत होती. त्या खेळात माणसांचे चेहरे पुसट केलेले असतात, तसा तिचाही होता. पण पाठ वाकलेली, बाह्या वर सारलेल्या, पानांचा ढीग नीट कडेला लावलेला. काका बराच वेळ पाहत राहिले. "कामाची बाय हाय," ते म्हणाले. मग उठून उभे राहिले, शर्ट सारखा केला आणि टीव्हीला हात जोडले.

"बाय, आमची पोर येनार हाय तुमच्याकडं. बाप नाय तिला. जरा लक्ष ठेवा."

बाई पानंच ओढत राहिली. चित्रच ते. मला हसायचं होतं, पण माझेही हात जोडले गेले. आईने पदर तोंडाला लावला. काका खाली बसले आणि तिला म्हणाले, "झरीला फोन लाव. तारीख काढू."

मी गप्प बसायला हवं होतं. पण सवयीने आईकडून मोबाईल घेतला, बोट नकाशावर गेलं आणि उत्तर आलं: ओउलू, ताम्पेरेपासून कितीतरी वर, उत्तरेला. मी सांगितलं, "काका, हे त्याचं शहर नाही. ही बाई भलतीकडेच राहते."

काकांनी नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"असू दे. एका बाईला सांगितलं ना? ती पुढच्या बाईला सांगेल."