परबकाकींचा नळ

परबकाकी सकाळी गाळ्यावर आल्या की चपला काढून गमबूट चढवायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि देवाला हात जोडायच्या आधी कोपऱ्यातला नळ सोडायच्या. पाणी धो धो आलं की बंद. मग देव, मग चहा. मालक कुरकुरायचे, "काकी, टँकरचं पाणी आहे हो ते." काकी म्हणायच्या, "म्हणानच बघतंय, आसा की नाय."

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत आमचं प्लेटिंगचं काम चालतं. लोखंडी कड्या-कोयंडे येतात. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत त्यांचं तेल निघतं, अ‍ॅसिडच्या टाकीत गंज, मग त्यांच्यावर निकेल चढतं. टाक्या काकींच्या ताब्यात. शिक्षण सातवी, गाव मालवणकडचं, घर भांडुपला. मी केमिस्ट्रीची बीएस्सी, टाक्या तपासायला नवीन लागलेली आणि डोक्यात हवा गेलेली.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला कॉस्टिकच्या टाकीपाशी उभं केलं. "डोळे मिट नि नळ गाठ." मला वाटलं चेष्टा करतायत. चौथ्या पावलाला भिंतीवर आपटले. "परत." असं तीन दिवस चाललं. आंधळी कोशिंबीर खेळायला पगार देतात की काय मला, असं मी घरी आईला सांगितलं. टाकीपासून नळापर्यंत अकरा पावलं. त्या वाटेत त्या साधी बादलीसुद्धा ठेवू द्यायच्या नाहीत. मालकांची नवीकोरी खुर्ची एकदा तिथे आली, ती त्यांनी उचलून थेट जिन्यात नेऊन ठेवली.

अ‍ॅसिडला आम्ही सगळे घाबरायचो. त्याचा वासच नाकात चावतो. काकी मात्र त्याची बाजू घ्यायच्या. "अ‍ॅसिड बरा. चावला काय लगेच कळता. ह्या कॉस्टिक साबणासारखा गुळगुळीत लागता, नि गोडगोड बोलत हाडापर्यंत जाता." त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक गुळगुळीत चट्टा होता. कशाचा, विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या शहाणपणाचो."

तिसऱ्या महिन्यात मी माझं शहाणपण दाखवलं. कॉस्टिक थंड पाण्यात मूठमूठ घालायचं, हा नियम मला पाठ होता, परीक्षेत लिहिलाही होता. पण जेवणाची वेळ झालेली, टाकी गरम, आणि वाफेने चष्मा धुरकटला म्हणून तो मी कपाळावर चढवलेला. अख्खं तसराळं एकदम ओतलं. टाकी उसळली. गालावर साबण लावल्यासारखं काहीतरी ओघळलं आणि डोळ्यांत आग पेटली.

"व्हिनेगर आणा, लिंबू आणा," मी ओरडत होते. अल्कलीवर अ‍ॅसिडचा उतारा, बीएस्सी ना मी. मागून काकींचा आवाज आला, "चेडवा, नळ." बाकी काही नाही. दिसत काहीच नव्हतं, पण पाय चालायला लागले. अकराव्या पावलाला हात तोटीवर पडला, आणि मानेवर काकींचा.

पॅकिंगमधल्या कुणीतरी डब्यातली कोकमाच्या आगळाची बाटली आणली. आंबटच ते. "ता थंय ठेव," काकी म्हणाल्या आणि बोटांनी माझ्या पापण्या फाकवून धरल्या. मी रडले, हात जोडले, त्यांना बोचकारलंसुद्धा. त्या सोडेनात. "डोळो उघडो ठेव, बाय. आणि थोडा." पुरा अर्धा तास. मधेच पाणी बारीक झालं तेव्हा ते कुरकुरणारे मालकच धावत जाऊन पंप लावून आले, असं मला नंतर कळलं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी आधी विचारलं, धुतलं कुणी? मग म्हणाले, नजर वाचेल. बाहेरच्या बाकावर काकींनी माझी बोटं आपल्या हातावरच्या चट्ट्यावर ठेवली. त्यांच्या पहिल्या नोकरीत हातावर कॉस्टिक सांडलं, तेव्हा पाण्याऐवजी त्यांनी डब्यातलं आगळ ओतलं होतं. आंबटाने कॉस्टिक मरतं, अशी समजूत. पण कॉस्टिक हात भाजतच राहिलं. "माझी सातवी, तुझी बीएस्सी. अक्कल एकच," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांवर पट्ट्या असताना मी खो खो हसले.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ झालं, चार शब्द बोला म्हटलं, तर काकी टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून चालू लागल्या. सातव्या पावलाला सामोशांच्या टेबलावर आदळल्या. ते टेबल मी लावलं होतं. मीच, दुसरं कुणी नाही. सगळे हसले; काकी नाही हसल्या. "मी आजून भायर पडूक नाय," एवढंच म्हणाल्या आणि टेबलाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. माझी मान वर होईना.

आता नळ मी सोडते, देवाच्या आधी, चहाच्या आधी. नवीन आलेल्यांना डोळे मिटून चालवते. तेही मनात मला शिव्या घालत असणार. दर सोमवारी सकाळी भांडुपहून फोन येतो. माझ्या डोळ्यांची चौकशी काकी कधीच करत नाहीत. "नळाक पाणी आसा मा?" मी तोंडाने उत्तर देत नाही. फोन हातात धरून अकरा पावलं जाते, नळ सोडते आणि फोन पाण्याजवळ नेते. त्या ऐकत राहतात. मग म्हणतात, "बरा. आता च्या घे."