बत्तीच्या भोकात उदबत्ती

त्या वर्षी माझं पोस्टिंग व्हर्जिनियात होतं. अमेरिकन सैन्यात, बॉम्ब निकामी करणाऱ्या टीममध्ये. मी स्पेशालिस्ट, म्हणजे शिपायाच्या जरा वरचा हुद्दा; टीम लीडर स्टाफ सार्जंट कॉलिन्स. आमचं रोजचं काम म्हणजे लोकांच्या माळ्यावर सापडलेले जुने ग्रेनेड.

दसऱ्याच्या सकाळी ०९५० ला हर्नडन गावातून कॉल आला. घर निवृत्त डॉक्टर गोखले यांचं. त्यांनी लिलावात कांस्याची एक नळी घेतली होती. सहाशे वर्षांपूर्वीची हातबंदूक, असं ते सांगत. वय कळावं म्हणून सुनेने फोटो एका जाणकाराला पाठवले. त्याचं उत्तर त्या सकाळी आलं: आत बंदुकीची दारू असू शकते, हात लावू नका, पोलिसांना कळवा.

या बंदुकांना घोडा नाही, चाप नाही. एका टोकाला बंद नळी, मागे लाकडी दांडा, बत्ती द्यायला भोक. भोक वर असेल तर जुनी, बाजूला सरकलं असेल तर नंतरची, असा ढोबळ हिशेब. पण जुन्या घाटाच्या नळ्या लोक पुढेही ओतत राहिले. त्यामुळे नुसत्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही.

१०४० ला आम्ही पोचलो. पोलिसांनी गल्ली रिकामी केली होती. गोखले काका-काकू पोलिसांच्या गाडीमागे उभे होते. काका सोवळ्यात.

"काका, बंदूक कुठे आहे?"

"बेसमेंटमध्ये, देव्हाऱ्यासमोर. शस्त्रपूजा केली ना."

"पूजा म्हणजे काय काय केलंत?"

"हळदकुंकू, फुलं, उदबत्ती."

"उदबत्ती कुठे लावली?"

काकू म्हणाल्या, "अगं, वर छोटं भोक आहे ना, त्यात छान बसते."

"अडीच तासांची आहे. मध्येच विझायची नाही," काकांनी धीर दिला.

"लावली कधी?"

"साडेआठला."

"मग विझवली का नाही?"

"हात लावू नका म्हणाले ना ते."

मी कॉलिन्सला इंग्रजीत सांगितलं. त्याने घड्याळ पाहिलं. १०४४.

"नळीचं तोंड कुठे?" त्याने विचारलं.

"भिंतीकडे," काका म्हणाले. "पलीकडे वॉटर हीटर आहे. गॅसचा."

रोबोट उतरवायला वेळ नव्हता. कॉलिन्सने स्फोटापासून वाचवणारा जाड सूट चढवला आणि एकटा आत गेला. मी रेडिओ धरला. कोपर गाडीवर टेकवलं.

"दिसली. दोन इंच उरलीय. निखारा वाकलाय, भोकाच्या बरोबर वर."

"रॉजर."

 मी आकडे मोजायला लागले. एकतीसवर आवाज आला.

"ओल्या गॉझपट्टीत धरली. विझली. नळी हीटरकडून वळवतोय."

भोकातून पाणी सोडून त्याने लाकडी दांडी नळीच्या तोंडातून आत घातली. "भोकापर्यंत जायला हवी. सहा इंच आधीच अडली. लोडेड."

दुपारी मागच्या अंगणात आम्ही ती रिकामी केली. दारूच्या भिजलेल्या गोळ्याच्या पोटात काही दाणे सुके होते. सुरुवातीच्या काळातली दारू पिठासारखी असे, दाणेदार पुढे आली. हे दाणे तर चकचकीत होते, ग्रॅफाइट चढवलेले. आजच्या दुकानातले. कुणीतरी हौसेने भरली आणि तशीच विकली.

"म्हणजे सहाशे वर्षांची नाही?" काका हिरमुसले.

"नळीचं माहीत नाही, काका. दारू तुमच्या सुनेपेक्षा लहान असेल."

जुनं म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मला मान्य नाही. पूजा जरूर करा. आधी शस्त्र रिकामं आहे का ते जाणत्याकडून बघून घ्या. यात श्रद्धेचा अपमान नाही. न बघणं हा आत जाणाऱ्या माणसाचा अपमान आहे.

पुढच्या वसंतात एका फार्महाउसमध्ये शोभेला ठेवलेला जुना, लांबट तोफगोळा निघाला. कॉलिन्स आत, मी रेडिओवर. तो मापं सांगत होता, मी वहीत उतरवत होते. त्यावरून गोळा कुठल्या काळातला ते ठरतं. व्यास आला. लांबी आली. गोळ्यातली दारू पेटवणाऱ्या फ्यूजचं सांगायला त्याने सुरुवात केली: "पितळी, आणि वर..."

वहीत एवढंच आहे. पुढे स्फोटाची वेळ लिहिली आहे, १११४. अक्षर माझंच आहे.