फुलारणीची पुडी

ओल्या मोगऱ्याचा वास आणि त्यात मिसळलेला केळीच्या सोपटाचा तुरटपणा. पालघरच्या आमच्या जुन्या घरी दाराच्या कडीला कापडी पिशवी टांगलेली असे. उजाडताच फुलारीण तीत पानात बांधलेली पुडी टाकून जाई. आई ती पुडी हातभर दूर धरी आणि डोळे मिटून वास आपणहून येऊ देई. देवाआधी फूल हुंगायचे नाही, हा तिचा नेम.

आता आई बोईसरला माझ्याकडे असते. तिच्या आठवणीतून माणसे एकेक करून निघून गेली. तरी संध्याकाळी मी मोगऱ्याचा गजरा घेऊन आले की ती म्हणे, "आलीस?" तेवढ्या वासापुरती मी तिची मुलगी उरले होते.

गजरा मी कामावरून परतताना पालघर स्टेशनाबाहेर बसणाऱ्या एडवणच्या मावशींकडून घेई. एकदा शब्दकोशात वाचलेले त्यांना सांगितले, की माळी हा शब्द मालेवरून आला. माळी म्हणजे मुळात बाग राखणारा नव्हे, माळा ओवणारा.

"मंग मीच माळी की!" त्या हसल्या. "बाग दुसऱ्याची, बोटं तेवडी माजी. सांग तुज्या पुस्तकवाल्याला."

"आणि फुलारीण?"

"ती दारोदार फिरते, बाय. मी बी फिरायची. गुडगे गेले, बसले हितं."

पावसाळ्यात मोगरा संपला. "नाय हाय, बाय. कागडा ने," मावशी म्हणाल्या. कागडा पांढराशुभ्र, देखणा. वास मात्र नावापुरता. आईने गजरा उलटसुलट करून पाहिला आणि उशाशी ठेवून दिला. त्या दिवशी तिने "आलीस?" म्हटले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. खिडकीतून कारखान्यांचा आंबट, जळका वास आत येई. मी खिडक्या लावून घेई आणि मोगऱ्याच्या हंगामाचे महिने मोजत बसे. मोगरा आला की मी पुन्हा तिला सापडेन, असे मी धरून चालले होते.

फाल्गुनात मावशींनी लांबूनच हाक मारली. "पयला हाय! आईला दे. आज वळखंल बघ." कळ्या ओल्या होत्या, सोपटाच्या दोऱ्यात ओवलेल्या, वर केळीचे पान. ते पान मी वाटेत उघडले नाही.

आईने पुडी घेतली. हातभर दूर धरली. डोळे मिटले. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती सैल होत गेली, ओठ हलले, आणि मी तिच्या गुडघ्यापाशी बसून त्या एका शब्दाची वाट पाहू लागले.

तिने डोळे उघडले. दारात उभ्या असलेल्या परक्या बाईकडे पाहावे तसे, फार मायेने, माझ्याकडे पाहिले.

"फुलारीण?"