गाडी ह्यांच्या नावावर होती

कंपनीनं आमच्या ह्यांना कधी ड्रायव्हर म्हटलं नाही. भागीदार म्हणायचे. टेम्पो ह्यांच्या नावावर, डिझेल ह्यांचं, टायर फुटला तरी ह्यांचाच. पण अंगात शर्ट कंपनीचा, आणि कुठल्या गावाला कधी पार्सलं पोचवायची तेही मोबाइलवर कंपनीच सांगणार. मोबाइलवरचा आयडी बंद झाला की काम संपलं.

ह्यांच्याकडं गगनबावड्याची लाइन होती. एकदा भर पावसात रस्त्यावर झाड आडवं पडलेलं बघून ह्यांनी राजारामपुरीतल्या ऑफिसला फोन केला, परत फिरतो म्हणून. साहेब म्हणाले, "फिरा की. आयडी बंद करतो." झाडाच्या बाजूनं गाडी काढून हे पुढं गेले. वळणावर टेम्पो उलटला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यातून मीच साहेबांना फोन लावला. ते अगदी मऊ आवाजात बोलले, "ताई, ते आमच्याकडं नोकरीला नाहीत. त्यांचा धंदा, त्यांचा अपघात."

आम्ही कामगार न्यायालयात गेलो. हे कामगार आहेत असं ठरलं, तरच कंपनीला भरपाई द्यावी लागणार होती. न्यायाधीशांनी बसा म्हटलं, तरी हे कुबड्यांवर उभेच राहिले.

कंपनीच्या वकिलानं विचारलं, "त्या दिवशी जायचं की नाही, हे ठरवणारे तुम्हीच ना?"

"व्हय, पर..."

"म्हणजे पाय तुमच्याच निर्णयानं गेला."

वकिलानं चष्मा पुसला.

मग कंपनीचा साक्षीदार आला. ह्यांचा जोडीदार, राधानगरीच्या लाइनवरचा. आमच्या मुलीच्या बारशाला पाहुण्यांना वाढत होता तो. ह्यांच्याकडं न बघता म्हणाला, "आमच्यावर कुणाची जबरदस्ती न्हाय. मनाला येईल तवा गाडी काढतो."

आमच्या वकीलबाई उठल्या. "आजवर एखादी फेरी नाकारलीत?"

"न्हाय."

"का?"

त्यानं साहेबांकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "आयडी बंद करत्यात की."

त्याच्या त्या एका वाक्यावर निकाल आमच्या बाजूनं लागला. कंपनी हायकोर्टात गेली, ते अजून चालूच आहे. जोडीदाराचा आयडी मात्र लगेच बंद झाला. त्याच्या बायकोनं मला भर मंडईत गाठलं. "तुमचा एक पाय गेला वैनी," ती म्हणाली, "आमचं सगळं घर बसलं." भाजीवाल्या ऐकत होत्या. तुझ्याच नवऱ्यानं आमच्याविरुद्ध साक्ष दिली, असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

पुढं तो स्वतःच दारात आला. त्यालाही आता कामगार म्हणून कंपनीवर दावा लावायचा होता. ह्यांनी साक्ष द्यावी, एवढंच मागणं होतं. हे कॉटवर बसून लाकडी पाय चढवत होते. त्याला आत ये म्हणाले नाहीत. एकेक पट्टा सावकाश आवळत राहिले. त्यानं मान वळवली तसं हे म्हणाले, "बघ की. हिकडं बघ."

त्यानं बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आता जा," हे म्हणाले. "मी न्हाय येणार."

तो माझ्याकडं वळला. "वैनी, तुमी तरी सांगा."

तो गेटबाहेर पडेपर्यंत मी उंबऱ्यात उभी राहिले, आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.