दाराला लावलेली बोराटी

जुन्या इमारतीत खोल्या भाड्यानं घ्याव्यात का, असं कुणी विचारलं तर मी तोटे आधी सांगते. फायदे आधी सांगितले की ऐकणाऱ्याला वाटतं, ही काहीतरी लपवतेय.

नांदेडला आम्ही राहत होतो ती इमारत नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत होती. कुणा कापसाच्या व्यापाऱ्यानं कधीकाळी गोदाम म्हणून बांधलेली, पुढे खोल्या पाडून भाड्यानं दिलेली. खाली दगड, वर मातीच्या भिंती आणि डोक्यावर माळवद. माळवद म्हणजे तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. ती माती कधी पडेल याचा नेम नसे. दुधात पडे, शिजत्या वरणात पडे, उघड्या पुस्तकावर तर हमखास पडे. उन्हाळ्यात भिंतींतून विंचू निघत. खालच्या मजल्यावर कुणी कांदा चिरला तर वर आमच्या डोळ्यांत पाणी येई, आणि वर आम्ही काय बोललो ते खाली दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पाठ असे. जिना इतका अरुंद की कपाट वर न्यायचं तर सुटं करून न्यावं लागे.

आता फायदे. वैशाखात नांदेड भट्टीसारखं तापतं. त्या खोलीत मात्र दुपारी अंगावर पातळ चादर घ्यावीशी वाटे. भिंती इतक्या जाड होत्या की कोनाड्यात पुस्तकांच्या दोन रांगा एकामागे एक मावत. आणि माळवदाला उजेडासाठी ठेवलेलं भोक होतं, त्याला आम्ही सवणं म्हणतो. माझे पती कचेरीत कारकून होते. दिवसभर उर्दूत लिहायचे आणि घरी आले की मराठी वाचायचे. सोलापूरकडून कुणी येणार असलं की त्याच्याकडे पुस्तकांची मागणी धाडायचे. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची. त्या दिवशी सवण्यातून जमिनीवर पडणाऱ्या उन्हाच्या तुकड्याशेजारी ते चटई टाकायचे, आणि ऊन सरकेल तसे चटईसकट सरकायचे. सकाळी दारापाशी असलेला माणूस दुपारनंतर चुलीपाशी सापडे. मी हसले की म्हणायचे, "मी कुठं हललो? खोलीच हलून राहिली."

त्याच खोलीत ते गेले. तापाचं निमित्त झालं. त्या जिन्यावरून त्यांना खाली न्यायला माणसांना फार त्रास झाला. याहून अधिक त्या दिवसाबद्दल मला लिहिता येत नाही, आणि लिहायचंही नाही.

भटजींनी पंचांग उघडून सांगितलं की पंचक लागलंय. पंचकात माणूस गेला तर आमच्याकडे घर काही महिने सोडायचं असतं. दाराला बोराटी, म्हणजे बोरीची काटेरी फांदी, लावायची आणि सगळ्यांनी दुसरीकडे राहायला जायचं. स्वतःचं घर असलं तर हे जमतं. माणसं शेतावर जातात, भावकीत जातात, मुदत संपली की येऊन काटे काढतात. घर जागच्या जागी असतं. भाड्याच्या खोलीला हा नियम लावला की काय होतं, याचा विचार नियम करणाऱ्यांनी केलेला नव्हता.

माझे धाकटे दीर लातूरहून मोटारीनं अहमदपूरमार्गे आले होते. लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत होती. माणूस वाईट नव्हता. भावासाठी मनापासून रडला होता. सुतकाचे दिवस चालू असतानाच त्यांनी विषय काढला.

"वहिनी, लातूरला चला. एवढं मोठं घर हाय आपलं. इथं मातीखाली कशाला राहून राहिल्या?"

"शाळा आहे, भाऊजी." मी मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवत होते.

"शाळा राहू द्या. आता कशाला पाहिजे शाळा? आणि नांदेडातच राहायचं म्हणत असाल तर स्टेशनाकडं नव्या खोल्या झाल्यात बघा. सिमेंटचा गिलावा, वर पत्रा. माती न्हाई, विंचू न्हाई."

मी काही बोलले नाही. मी गप्प बसले की लोक त्याला होकार समजतात. त्या दिवसांत बऱ्याच जणांनी तसं समजून घेतलं.

लातूरचं घर मोठं होतं हे खरं. पण त्यात माझं काय असणार होतं? माजघरातली एक पथारी, आणि सगळ्यांच्या आधी उठण्याचा हक्क. मी केस राखले होते यावरून तिथं आधीच कुजबुज सुरू झाली होती. नव्या खोल्यांचं म्हणाल तर त्या मी पाहिल्या होत्या. स्वच्छ होत्या. पण तिथल्या भिंती वीतभर जाडीच्या, कोनाडा एकही नाही, आणि त्या जागेनं माझ्या नवऱ्याला कधी पाहिलेलंच नव्हतं. तिथं मला खरोखरच त्यांच्याशिवाय राहावं लागलं असतं.

मालक इमारतीच्या पुढच्या भागात राहत. उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर, मोजकं बोलणारे. पंचकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी त्यांना एवढंच विचारलं की काही महिने बाहेर राहून परत आले तर खोली मिळेल का. त्यांनी दाढीवरून हात फिरवला.

"बाई, झूट नहीं बोलता. कमरा खाली हुआ तो ताला डाल के नहीं रख सकता. रोज लोगां पूछने आते."

त्यांचा मला राग आला नाही. खरं सांगणारे त्या आठवड्यात तेच एक भेटले. खोली सोडली की गेली, हे मला कळलं.

खालच्या मजल्यावर एक काकू राहत. वयानं मोठ्या, मनानं कडक, इमारतीतल्या बायकांवर त्यांचा वचक. त्या वर येऊन उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या.

"मास्तरीणबाई, माझं तुमच्याशी काय वैर न्हाई. पण माझी सून पोटुशी हाय. तिच्या डोक्यावर पंचकातली खोली. मला झोप येईना बघा. तुम्ही जावा लातूरला."

त्यांची भीती खोटी नव्हती. पोटुशी सून खाली अंगणात भांडी घासत होती, आणि मलाही ती आवडायची.

तेराव्यानंतर मी शाळेत जाऊन आले. आता वर्ग घ्यायला येते, एवढं सांगायचं होतं. परत जिना चढून आले तर माझ्या दाराला बोराटी लावलेली. चौकटीत आडवी खोचलेली, हिरवी, ताजी तोडलेली. पुस्तकांची पेटी, वळकटी, भांडी, सगळं बाहेर व्हरांड्यात. दीर पेटीवर बसले होते, काकू कठड्याला टेकून उभ्या.

"मोटार मिळंल आज," दीर म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला त्रास नको, मीच काढून घेतलं सगळं."

मी काकूंना विचारलं, "मी गेल्यावर खोली रिकामी राहणार का?"

"रिकामी कशाला ऱ्हाईल? माझा भाचा येणार हाय की हदगावचा. कापसाच्या जिनात काम लागलंय त्याला. मालकाला इचारून झालंय."

"मग ही बोराटी?"

"काढावीच लागंल. त्यो काय उडून जाईल आत?"

"आणि पंचक?"

"त्याला कशाचं पंचक? त्याचं कोण मेलंय हितं?" काकू सहज म्हणाल्या. त्यात त्यांना काही वावगं दिसत नव्हतं. मला वाटतं, गल्लीत कुणालाच दिसलं नसतं.

मी म्हटलं, "तुमच्या भाच्याला खोलीत राहून ते लागत नाही, आणि सुनेला खाली राहून लागतं?"

"त्याचं येगळं. तुमचं माणूस गेलं. तुमच्या मागं असतंय ते."

"माझ्या मागे असतं ना?" मी दिरांकडे वळले. "भाऊजी, मग मी लातूरला आले तर तेही माझ्याबरोबर मोटारीत बसेल. तुमच्या घरात लेकरं आहेत."

दीर पेटीवरून उठले. काकू त्यांच्याकडे पाहू लागल्या, ते काकूंकडे. दोघांचं इतके दिवस एकमत होतं, ते तिथंच मोडलं.

"शिकल्याली बाई," काकू म्हणाल्या. "तोंडी लागू नये म्हणतेत, ते काय खोटं न्हाई."

"वहिनी, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं," दीर म्हणाले.

"कचेरीतल्या कारकुनाची बायको आहे. ऐकून ऐकून येतं."

मी बोराटीला हात घातला. बोरीचे काटे उलटे असतात. हात आत जातो, बाहेर येताना धरून ठेवतात. पदर फाटला, मनगटावर ओरखडे उठले. दीर मध्ये आले नाहीत आणि मदतही केली नाही. फांदी निघाली तशी मी ती कठड्यावरून खाली गल्लीत टाकली. कुणाची तरी शेळी आली आणि निवांत पानं खाऊ लागली.

"लोक काय म्हणतील, वहिनी?"

"म्हणू द्या. लोक खाली राहतात, मी वर राहते."

मग पेटी आत त्यांनीच नेली. "काय भरलंय हो यात, धोंडे?" म्हणाले, आणि ती कुणाची पुस्तकं होती हे त्यांचं त्यांनाच आठवलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. त्या दिवशीची मोटार चुकली. दुसऱ्या दिवशीच्या मोटारीनं ते एकटे गेले.

माझं जिंकणं म्हणाल तर एवढंच. त्यानंतर इमारतीत माझ्याशी कुणी बोलेना. अंगणातला आड सगळ्यांचा, पण मी घागर घेऊन गेले की काकू पोहरा उचलून घरात नेत. एकदा तसं झालं, दुसऱ्यांदा झालं, मग मी आडाकडे गेलेच नाही. शाळेत जाण्याआधी नदीवरून पाणी आणू लागले. घाट चढताना धाप लागायची. वाटेत पालक भेटले तर घागर लपवायची नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. जुन्या इमारतीचा सगळ्यात मोठा तोटा माती नाही आणि विंचू नाहीत. एका आडावर, एका जिन्यावर जगणाऱ्या माणसांनी ठरवलं तर ती तुम्हाला भिंतीसारखं धरून ठेवू शकतात किंवा विटेसारखं काढून टाकू शकतात. हे माहीत असूनही मी सांगेन, खोली मनाजोगी असेल तर घ्यावी. आणि एकदा घेतली की आपण होऊन सोडू नये.

खाली काकूंच्या सुनेला मुलगी झाली. तिचं रडणं मला फळ्यांतून स्वच्छ ऐकू येई, दणदणीत होतं. भाचा आलाच नाही. त्याला स्टेशनाकडच्या नव्या खोल्या आवडल्या म्हणे.

पंचकाची मुदत कधी संपली ते मला कळलं नाही. मी मोजत नव्हते. काकू मोजत असाव्यात, कारण शाळेतून येऊन मी जिना चढत होते तेव्हा त्यांनी खालून हाक मारली.

"मास्तरीणबाई, घागर धाडून द्या. आडाला लई पानी हाय."

"धाडायला माझ्याकडे कुणी नाही, काकू," मी म्हटलं. "ऊन उतरलं की मीच येते."

ऊन उतरायची वाट मी पाहिली नाही. घागर घेतली आणि तशीच खाली आले. अंगणात बायका होत्या. कुणी बोललं नाही, कुणी उठूनही गेलं नाही. पोहरा आडाच्या कडेला ठेवलेला होता. मी तो सोडला आणि सावकाश, सगळ्यांच्या देखत, भरून वर ओढला.