चौथं बारदान

यवतला आमच्या शेजारी राहणारे आप्पा कुणालाही तोंडावर चूक म्हणत नाहीत. समोरचा काहीही बोलला, तरी "व्हय का?" एवढंच विचारतात आणि मिशीवरून बोट फिरवत राहतात.

वाफ्याची लांबी आणि रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळही दुप्पट होतं, असं मी मुलीला शिकवलं होतं. शाळेत बाईंनी ते उत्तर खोडलं, तेव्हा मी तिच्यादेखत बाईंनाच नावं ठेवली.

"आमचे बाबा चुकत न्हाईत," मुलीनं ते खोडलेलं गणित दाखवत आप्पांना ठणकावून सांगितलं.

"व्हय का?" म्हणत आप्पांनी अंगणात कांद्याचं रिकामं बारदान अंथरलं. मला म्हणाले, "ह्यो झाला वाफा. आता दोन्हीकडनं दुप्पट करून दाव तिला."

मी लांबीला एक बारदान जोडलं, रुंदीला एक जोडलं, आणि कोपरा उघडा दिसला. तिथं चौथं ठेवताना माझे कान तापले.

"बघ पोरी, बापानं कसं दावलं," आप्पा म्हणाले.

ते श्रेय मला घेववेना. "बाईंचं बरोबर होतं गं. मीच चुकलो."

मुलीनं बोटानं चारही बारदानं मोजली. "मग तिप्पट केलं तर किती, बाबा?"

तिनं अजूनही मलाच विचारलं, हे आप्पांचे उपकार.